एक बटण पुरे

पावसाळ्यात खानापूरकडे रात्री वीज गेली की घरात दोनच हाका : 'बॅटरी कुठाय?' नाहीतर 'ब्याटरी एल्लिदे?' परवा मुलाने पाच तऱ्हांच्या उजेडाची नवी बॅटरी आणली. सासूबाई ती घेऊन गोठ्याकडे निघाल्या. बटण दाबले, तर उजेड नुसता लुकलुकू लागला. मी जुनी, एका बटणाची बॅटरी मारली, तेव्हा पायरीवरचा साप दिसला!

नवी वाईट नव्हे. ती चार्ज होते, झोतही लांब जातो. प्रवासाला ती न्यावी. पण अशा कित्येक बॅटऱ्यांचे बटण बंद असतानाही किंचित वीज खाते. वडीलधाऱ्यांच्या उशाशी साधीच ठेवा. फार दिवस वापर नसेल तर सेल काढा, नाहीतर ते गळून आतला पत्रा गंजतो. आणि दर अमावास्येला एकदा लावून पाहा.