तीन क्लिकचा हट्ट सोडा

संकेतस्थळाच्या मेनूची चर्चा निघाली की एक नियम हमखास पुढे येतो: हवं ते पान तीन क्लिकमध्ये मिळालं पाहिजे, नाहीतर माणूस निघून जातो. या नियमाला पुरावा काय? संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जोशुआ पोर्टर यांनी २००३ मध्ये लोकांचा प्रत्यक्ष वापर तपासला, तेव्हा तिसऱ्या क्लिकनंतर लोक काम सोडतात असं काही दिसलं नाही. क्लिक वाढले म्हणून नाराजी वाढते, असंही आढळलं नाही. माणूस थकतो तो पुढे काय येणार याचा अंदाज न आल्याने. उलट या हट्टापायीच पहिल्या पानावर पन्नास दुवे कोंबले जातात आणि नवखा माणूस तिथेच अडकतो.

दुसरा दाखला मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या निबंधाचा. मेनूत सातच गोष्टी हव्यात म्हणे. पण मिलर लिहीत होते ते माणूस एका वेळी मनात किती गोष्टी धरू शकतो याबद्दल. मेनू तर डोळ्यांसमोर असतो, तो पाठ कुणाला करायचा आहे? सातच्या आकड्यासाठी वेगवेगळ्या सेवा ‘इतर’ नावाच्या खणात टाकल्या, तर तिथे कुणी का डोकावावं?

तिसरा पक्ष सौंदर्याचा: पान मोकळं दिसावं म्हणून सगळा मेनू तीन आडव्या रेघांमागे ठेवा. हे चिन्ह नॉर्म कॉक्स यांनी १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी काढलं. मोबाइलच्या चिंचोळ्या पडद्यावर त्याची गरज मला मान्य आहे. रुंद पडद्यावर मात्र मुळीच नाही. संकेतस्थळांची वापरसुलभता तपासणाऱ्या नील्सन नॉर्मन ग्रुप या संस्थेने २०१६ मध्ये केलेल्या चाचणीत संगणकावरचा लपवलेला मेनू उघड्या मेनूच्या तुलनेत सुमारे निम्म्या वेळा वापरला गेला.

‘शोधपेटी आहे ना!’ हा शेवटचा बचाव. नेमका शब्द माहीत असलेल्याला शोधपेटी उपयोगी. पण एकच उतारा कुणी ‘सातबारा’ लिहून शोधतो, कुणी ‘७/१२’, कुणी रोमन लिपीत. आणि इथे काय काय मिळतं हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने शोधायचं तरी काय? त्याला सांगणारा फक्त मेनूच असतो.

मग चांगला मेनू कोणता? ज्यातलं प्रत्येक नाव वाचून आत काय सापडेल ते कळतं, तो. आपल्याकडच्या कित्येक सरकारी आणि बँकांच्या संकेतस्थळांचे मेनू कार्यालयातल्या विभागांप्रमाणे लावलेले असतात. नागरिकाला मात्र विभाग माहीत नसतो, काम माहीत असतं. वडील गेल्यावर जमिनीवर वारसांची नावं लावायची आहेत. ती नोंद कोणत्या शाखेत होते हे त्याने आधी शिकून यावं का? अधिकारी म्हणतील, अधिकृत नावच कायद्याने बरोबर. ते पानाच्या मथळ्यावर जरूर द्या. मेनूत ‘वारसनोंद’ लिहा, ‘सातबारा उतारा’ लिहा. शंका असेल तिथे दोन्ही नावं शेजारी ठेवा.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत, तरी रोज मोडल्या जातात. मेनू प्रत्येक पानावर त्याच जागी, त्याच क्रमाने हवा. आपण कोणत्या पानावर आहोत ते त्यात ठळक दिसावं. माउस नुसता वर नेल्यावरच उघडणारा मेनू बोटाने चालवायच्या पडद्यावर कुचकामी ठरतो. केवळ कळफलक वापरणाऱ्यालाही प्रत्येक दुव्यापर्यंत पोचता आलं पाहिजे. संगणकावर काम करणाऱ्या दृष्टिहीन माणसासाठी तर बहुतेक वेळा तोच रस्ता असतो.

संकेतस्थळं मंजूर करणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. रंग आणि चित्रं पाहण्याआधी मेनूतली नुसती नावं कागदावर उतरवा, कार्यालयाबाहेरच्या पाच-सहा जणांपुढे ठेवा आणि विचारा, ‘वारसनोंदीसाठी यातलं काय उघडाल?’ बोट चुकीच्या नावावर गेलं, तर त्यांना समजावत बसू नका. नाव बदला आणि पुन्हा विचारा.