भाड्याचे कपडे आणि घरची भाषा

चौथीतलं गॅदरिंग. कार्यक्रमाचं नाव 'विविधतेत एकता'. बाईंनी चिठ्ठ्या काढल्या. मला पंजाबी आलं, माझ्या बेंचवरच्या मित्राला गुजराती आणि पुढच्या बेंचवरच्या मुलीला बंजारा. कपडे भाड्यानं आणले, मला दाढी चिकटवली, टाळ्या पडल्या. बंजारा पोशाखाला पहिलं बक्षीस मिळालं.

गंमत अशी की, माझा मित्र खरोखरच तांड्यावरचा. त्याची आजी आरशांचं भरतकाम केलेली कांचळी घालून शेवटच्या रांगेत बसली होती. कार्यक्रम संपला तरी तो स्टेजमागून बाहेर येईना. का? तर "आजीला पाहून पोरं हसतील." ज्या पोशाखाला स्टेजवर बक्षीस, तोच घरच्या माणसाच्या अंगावर असला की लाज!

मित्रांनो, आमच्या जुना जालन्यात विविधता भाड्यानं आणावी लागत नाही. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात, कारभाराची भाषा उर्दू. आमच्याच वर्गात कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या दखनी, कुणाच्या मारवाडी, कुणाच्या गोरमाटी. स्टील मिलमध्ये कामाला आलेल्यांची पोरं घरी भोजपुरी बोलायची. एका वर्गात पाच भाषा! आणि वर्षभर आम्ही ऐकलं काय? "शुद्ध बोल!"

आता शुद्ध म्हणजे काय हो? 'दप्तर' फारसीतून आलं, 'हजेरी'चं मूळ अरबी, 'पेन्सिल' इंग्रजी, 'इयत्ता' संस्कृत. दखनीतलं 'नक्को' हे आपलंच 'नको'. भाषा कधीच एकमेकींच्या घरी जेवून आल्यात, सोवळं पाळतोय ते आपणच.

शिक्षण हक्क कायदा (२००९) म्हणतो, शक्य तिथवर मुलाला मातृभाषेत शिकवा. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही किमान पाचवीपर्यंत तेच सांगतं. एका वर्गात पाच भाषांची पाच पुस्तकं आणणं सोपं नाही, मान्य. पण तांड्यावरचं पोर आईला 'याडी' म्हणतं, तो शब्द एकदा फळ्यावर लिहायला किती खडू लागतो?

काही सर म्हणतील, यातून जातीपाती वर येतील. भीती खोटी नाही. शिवाय बापाचा धंदा हा प्रत्येकालाच मिरवावासा वाटणारा वारसा नसतो. म्हणून जात विचारूच नका, धंदाही नको. एखाद्या शनिवारी एवढंच विचारा: आजी गोष्ट कोणत्या भाषेत सांगते? सणाला घरात काय शिजतं? आजोबा कोणत्या गावाहून आले? ज्याला सांगायचं तो सांगेल. आणि त्या शेवटच्या रांगेतल्या आजीलाच पुढं खुर्ची देऊन बोलतं करा. खर्च शून्य रुपये!

हे सगळं मला आज का आठवलं? फर्स्ट इयरला मी मेसमध्ये सहज विचारलं, "काय करू राह्यला?" अख्खं टेबल हसलं. दोन महिन्यांत मी 'काय करतोयस' शिकलो. आईचा फोन आला की मात्र व्हरांड्याच्या टोकाला जाऊन हळू आवाजात बोलायचो. एकदा तसाच उभा असताना तो स्टेजमागचा मित्र आठवला. चौथीत मी त्याला हसलो नव्हतो, हे खरं. पण "चल, तुझ्या आजीला भेटू" असंही म्हणालो नव्हतो.

असो. आता मी रूममध्येच बसून मोठ्यानं बोलतो. हसणारे हसतात. पुढच्या वर्षी नवी बॅच येईल. कुणी नांदेडचा, कुणी नंदुरबारचा, कुणी गडचिरोलीचा. त्यांच्यावर व्हरांड्याचं टोक गाठायची वेळ येऊ द्यायची की नाही, हे प्राथमिक शाळेच्या हातात नाही. ते आपल्या हातात आहे. बघा, पटतंय का!