प्रयोगशाळा बदलली की न्याय बदलतो काय?

मुकुंदवाडीतील कामगाराच्या खोलीत खून पडला, तर दाराच्या कडीवर एकट्या खुन्याचा स्पर्श सापडत नाही. एका खोलीत चौघे राहतात, चिकलठाण्याच्या कारखान्यांतून पाळीपाळीने परततात, शेजारी येतात-जातात. कडीवरचा डीएनए अनेकांचा असतो. दाटीवाटीने जगणे ज्यांच्या नशिबी आले, त्यांच्या वस्तीत मिश्र नमुना हाच नियम होय.

अशा नमुन्याचा अर्थ केवळ यंत्र लावीत नाही, माणूस लावतो. जनुकीय खुणेच्या प्रत्येक जागी एका व्यक्तीची सामान्यतः फार तर दोन रूपे असतात. अनेकांची रूपे जुळली की चौघांचे मिश्रण दोघांचे भासू शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१३ साली अशाच एका मिश्रणाची माहिती १०८ प्रयोगशाळांपुढे ठेवली. मिश्रणात नसलेल्या माणसाला त्यांपैकी ७४ प्रयोगशाळांनी त्यात गोवले! पुढे संगणकीय पद्धती आल्या; पण संगणकाला गृहीतके पुरवणारा माणूसच राहिला.

हा परदेशाचा प्रश्न म्हणून हात झटकता येणार नाहीत. ठाण्यातील २०१० च्या बालिका-हत्येच्या खटल्यात नमुने पाठविण्यातील विलंब व त्यांच्या ताब्याविषयीच्या त्रुटी यांवर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली फाशी रद्द केली. डीएनए अहवाल हे अखेर तज्ज्ञाचे मत असते. नमुन्याची हेळसांड निदान नोंदवहीत दिसते. अन्वयार्थातील चूक आरोपीला दिसणार कशी?

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ पाठविण्याची तरतूद केली. प्रयोगशाळांवर नियामक मंडळ नेमू पाहणारे २०१९ चे डीएनए विधेयक मात्र २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. त्यातील माहितीपेढीचा धोका टळला हे बरेच झाले. पण प्रयोगशाळांना जबाबदार धरण्याची गोष्टही त्याबरोबर बुडाली.

विज्ञानाला विरोध हा येथे मुद्दाच नाही. निरपराध तुरुंगात सडतो तेव्हा खरा गुन्हेगार मोकळा असतो आणि पीडितेचीही फसवणूक होते. म्हणून मागणी स्पष्ट हवी : कालिना असो, नागपूर असो वा छत्रपती संभाजीनगर, राज्यातील प्रयोगशाळांना तेच मिश्र नमुने ओळख लपवून द्यावेत व निकाल जाहीर करावेत. अन्वयार्थाचे नियम प्रसिद्ध करावेत. मूळ आलेख बचावपक्षाला द्यावेत आणि गरीब आरोपीला सरकारी खर्चाने स्वतंत्र तज्ज्ञ मिळावा. घटनेच्या ३९-अ कलमाने मोफत कायदेशीर साहाय्याचे वचन दिले आहे. अहवाल वाचू न शकणारा वकील देऊन ते पुरे होत नाही. श्रीमंत आरोपी तज्ज्ञ विकत घेईल. मुकुंदवाडीच्या कामगाराने काय विकावे?