घर घेणाऱ्याचा वकील कोठे आहे?

मडके घेताना ते वाजवून घ्यावे, ही शिकवण मराठी घरांत कोणी मुद्दाम देत नाही. ती आपोआप अंगी येते. सोयरीक जुळविताना तर मुलाच्या नोकरीपासून त्याच्या आजोळापर्यंत सर्वांची चौकशी होते आणि तीत कोणालाही संकोच वाटत नाही. मात्र ज्या एका व्यवहारात शाळेतील शिक्षक किंवा जिल्हा परिषदेतील कारकून आपली आजवरची शिल्लक, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि पुढील वीस वर्षांच्या पगाराचा मोठा हिस्सा एका सहीनिशी गुंतवितो, त्या पहिल्या घराच्या खरेदीत ही सावधगिरी कोठे लोप पावते, हे कोडेच आहे. नमुना सदनिका पाहिली, खिडकीतून दिसणारी टेकडी आवडली, स्टेशन किती मिनिटांवर आहे ते विचारले आणि इसाराचा धनादेश लिहून दिला, एवढ्यावर बहुतेकांची चौकशी संपते.

त्याच्याभोवती जाणकारांची वाण असते असे नव्हे. जमिनीच्या मालकीचा दाखला देणारा बिल्डरचा वकील असतो. कर्ज मंजूर करण्यापूर्वी कागद तपासणारा बँकेचा वकील असतो, घराची किंमत ठरविणारा बँकेचा मूल्यांकनकार असतो आणि दोन्ही बाजूंकडून दलाली घेणारा मध्यस्थ तर असतोच. या सर्वांचे मानधन या ना त्या वाटेने घर घेणाराच भरतो. परंतु ज्याला ‘हा माझा माणूस’ म्हणता येईल, असा या मांदियाळीत एकही नसतो.

महाराष्ट्रात १९६३ साली सदनिकांच्या मालकीविषयीचा कायदा झाला. आपल्या मालकीचे खरे व पूर्ण स्वरूप वकिलाच्या दाखल्यासह उघड करण्याचे बंधन त्याने बिल्डरवर घातले. हेतू चांगलाच होता. पण हा दाखला देणाऱ्याची नेमणूक बिल्डरची, त्याचे शुल्कही बिल्डरकडून आणि त्याचे पुढचे कामही बहुधा त्याच बिल्डरचे. असा वकील खोटे लिहितो, असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र जे विचारले गेले नाही ते तो आपणहून लिहील, ही अपेक्षा भाबडी होय. बँकेचा अहवाल याहून कसोशीचा असतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो बँकेला उद्देशून लिहिलेला असतो आणि ज्याच्या खिशातून त्याचे शुल्क जाते त्या कर्जदाराच्या हाती त्याची प्रत बहुधा पडत नाही. शिवाय बँकेची चिंता निराळी असते. उद्या घर गेले तरी कर्ज फेडण्याची जबाबदारी कर्जदाराच्या पगारावर कायम राहते.

‘बँकेने कर्ज दिले, म्हणजे कागद चोखच असणार’ या समजुतीची किंमत काय असते, हे कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींच्या प्रकरणाने दाखविले. महापालिकेच्या परवानग्यांचे बनावट कागद तयार करून त्यांच्या आधारे रेरा प्राधिकरणाकडे या प्रकल्पांची नोंदणी करून घेण्यात आली होती. नोंदणी क्रमांक खरा, परंतु तो ज्या परवानगीवर उभा होता ती परवानगी कधी दिलीच गेली नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्या वेळी तेथे कुटुंबे राहत होती आणि अनेकांच्या पगारातून गृहकर्जाचे हप्तेही कापले जात होते. त्याआधी वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत पाच मजल्यांच्या परवानगीवर कितीतरी अधिक मजले चढले होते. १९८० च्या दशकात झालेले ते बांधकाम सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरविले ते २०१३ साली! एवढ्या अवधीत लहान मुले संसाराला लागतात. डोंबिवलीचा नोकरदार आणि वरळीचा सुखवस्तू रहिवासी यांत अंतर मोठे, पण पालिकेतून कोणती परवानगी किती मजल्यांना मिळाली, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता.

सरकारी दप्तरावरील विश्वासही असाच तपासून पाहावा लागतो. दुय्यम निबंधकाने दस्त नोंदविला म्हणजे सरकारने मालकीची हमी दिली, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः नोंदणी ही दस्ताची होते, हक्काची नव्हे. सातबाराच्या उताऱ्यावरील नाव हेही प्रामुख्याने महसुलाच्या सोयीसाठी असते आणि त्यावरून मालकी सिद्ध होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. उलट १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा खरेदीदाराकडूनच बरीच अपेक्षा करतो. नोंदलेला दस्त त्याला ठाऊक होता असेच कायदा धरून चालतो, मग त्याने तो वाचलेला असो वा नसो. मालमत्तेतील आणि मालकीतील दोष विकणाऱ्याने सांगितले पाहिजेत खरे, पण जे दोष खरेदीदाराला साध्या काळजीनेही शोधता आले असते त्यांबद्दल नंतर तक्रार करणे अवघड होते. ‘साधी काळजी’ हे शब्द साधे दिसतात. न्यायालयात त्यांचा अर्थ ज्याने वकील लावला नाही त्याच्या विरुद्ध जाण्याचा संभव अधिक.

मग आपला वकील निवडावा कसा? बिल्डरने सुचविलेला नको आणि दलालाच्या ओळखीचा तर नकोच. ज्या तालुक्यात घर आहे तेथल्या नोंदणी कार्यालयात ज्याचा वावर आहे, असा वकील मोठ्या शहरातील नामांकित पेढीपेक्षा पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो. कारण कोणत्या गावाच्या कोणत्या गटात वतनाच्या, इनामाच्या किंवा कुळाच्या जमिनी होत्या, हे त्याला पुस्तकाबाहेरही ठाऊक असते. भोगवटादार वर्ग दोनची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाही, ही एक गोष्ट वेळीच कळली तरी त्याचे शुल्क वसूल होते. त्याने इंडेक्स टूच्या नोंदी रूढीप्रमाणे ३० वर्षे मागे जाऊन पाहाव्यात, फेरफार तपासावेत, बिनशेती आदेश व बांधकाम प्रारंभाचे प्रमाणपत्र त्या त्या कार्यालयात जाऊन पडताळावे. डोंबिवलीत नेमके हेच पडताळायचे राहून गेले. इमारत जुनी असेल तर भोगवटा प्रमाणपत्र आहे काय आणि जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झाले आहे काय, हे पाहावे. बिल्डरने ते करून न दिल्यास संस्थेला ‘मानीव अभिहस्तांतरण’ मिळविण्याची सोय २००८ च्या दुरुस्तीने झाली. तरीही जमीन मूळ मालकाच्याच नावावर असलेल्या संस्था अजून पुष्कळ आहेत. वृत्तपत्रांच्या आतील पानांवर बारीक टायपात येणाऱ्या जाहीर नोटिसा कोणी सहसा वाचत नाही. पण हरकती मागविणारी तशी एक नोटीस आपल्या खर्चाने देण्याचा सल्ला वकील देत असेल, तर ती काटकसरीची जागा नव्हे. हे सारे इसार देण्यापूर्वी व्हावे आणि अहवाल लेखी, खरेदीदाराच्या नावाने असावा. इसार दिल्यावर नेमलेल्या वकिलाच्या हाती सांत्वनापलीकडे फारसे काही उरत नाही.

कागद चोख आणि भिंत पोकळ असेही घडते. मराठीत ‘सर्व्हे’ म्हटला की सर्व्हे नंबर आठवतो, भूमी अभिलेख खात्याची मोजणी आठवते. भूखंड घेणाऱ्याने मोजणीची ‘क’ प्रत मागितलीच पाहिजे. पण तयार सदनिका घेणाऱ्यासाठी पाहणी निराळी. स्तंभांवरच्या उभ्या भेगा, गंजून फुगलेल्या सळ्यांनी ढकलून दिलेले काँक्रीट, वरच्या स्नानगृहाखालच्या छतावरील ओलीचे डाग, मधली भिंत काढून मोठे केलेले दिवाणखाने, या गोष्टी विक्रीच्या आधी दिलेल्या ताज्या रंगाखाली दिसत नाहीत. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दिसतात. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत तर हा प्रश्न जिवाचा होतो. ऑगस्ट २०२० मध्ये महाडला एक पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे दगावली. ती काही जुनाट वाड्यांपैकी नव्हती. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची स्थैर्य-तपासणी कायद्यानेच आवश्यक केली आहे. तेव्हा तो अहवाल संस्थेकडे मागण्यात कसला उद्धटपणा? नव्या बांधकामात ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत दिसलेले दोष विनामूल्य दुरुस्त करण्याचे बंधन रेरा कायद्याने बिल्डरवर घातले आहे, पण तो दोष आहे हे कोणीतरी जाणत्याने वेळेत लिहून द्यावे लागते. (घर पाहावयाचे तर भर पावसात पाहावे, हा सल्ला मात्र कोणताही इंजिनिअर फुकट देईल.)

इंग्लंडमध्ये घेणाऱ्याचा सॉलिसिटर आणि विकणाऱ्याचा सॉलिसिटर सहसा निराळे असतात आणि घराची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरचा व्यवसाय तेथे रुळलेला आहे. तरीही तेथल्या सामान्य खरेदीदाराने कर्जदात्या संस्थेच्या मूल्यांकनावरच भागविले, असे पुष्कळदा घडले. ‘स्मिथ विरुद्ध बुश’ हा खटला अशातलाच. एका बाईंनी संस्थेच्या सर्व्हेअरच्या अहवालावर विसंबून लहानसे घर घेतले. धुराड्याचा खालचा आधार पूर्वीच काढलेला होता, हे त्या अहवालात आले नव्हते, आणि पुढे त्या धुराड्याच्या विटा छत फोडून खाली आल्या. आपण केवळ संस्थेला बांधील आहोत, हा सर्व्हेअरचा बचाव हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९८९ मध्ये फेटाळला. साधे घर घेणारा माणूस याच अहवालावर विसंबतो आणि त्याचे पैसेही तोच देतो, हे सर्व्हेअरला पक्के ठाऊक असते, असा त्या निवाड्याचा मथितार्थ होता. भारतात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये बांधकाम-पूर्तता व भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच बँकांनी कर्ज द्यावे, असे बजावले. त्यापुढचे पाऊल अगदी छोटे आहे. ज्या अहवालांचे शुल्क कर्जदाराने दिले, ते त्याच्या हाती पडलेच पाहिजेत, एवढा नियम रिझर्व्ह बँकेने करावा.

खर्चाचा आक्षेप निघेलच. मोठ्या शहरांत मुद्रांक शुल्कच किमतीच्या सहा-सात टक्क्यांच्या घरात जाते. ५० लाखांच्या घरावर तीन-साडेतीन लाख रुपये भरताना कोणी घासाघीस करीत नाही, कारण तेथे घासाघीस चालत नाही. वकील आणि इंजिनिअर यांना मिळून द्यावी लागणारी रक्कम बहुधा याचा लहानसा अंश असते, आणि नेमका तोच वाचवावासा वाटतो. तरीही पहिल्या नोकरीतल्या तरुणाला ती जड वाटते, हे नाकारून चालणार नाही. येथे शिक्षकांच्या व सरकारी नोकरांच्या पतपेढ्यांना करण्यासारखे काम आहे. सभासदाला घरासाठी कर्ज देताना त्या जामीनदार मागतात, पगारातून कपातीची हमी मागतात. मग ठरावीक शुल्कात काम करणारा एक वकील आणि एक इंजिनिअर सभासदांसाठी त्यांनी का नेमू नये? अशा वकिलाचा अहवाल पतपेढीच्या कपाटात न राहता सभासदाच्या हाती जाईल, अशी अट ठरावातच घालता येईल. वार्षिक सभेत लाभांश अर्धा टक्का वाढवावा की नाही यावर तास-तासभर वाद रंगतो. त्याच सभेच्या विषयपत्रिकेत या ठरावाला सहज जागा करता येईल.