रबराची बाग म्हणजे जंगल नव्हे

देशाच्या वनाच्छादनाच्या उपग्रह-नकाशात नैसर्गिक जंगल आणि लागवड वेगवेगळी दाखवलीच पाहिजे, अशी आमची ठाम भूमिका आहे. २०२३च्या वनस्थिती अहवालातील २५.१७ टक्के वन व वृक्षाच्छादनाचे स्वागत करताना हा फरक विसरता येणार नाही.

किमान एक हेक्टर जमिनीवर १० टक्के वृक्षछत्र असले, की भारतीय वन सर्वेक्षण ते वनाच्छादन मानते. जमीन कोणाची, झाडे कोणती, हे पाहिले जात नाही. त्यामुळे सिंधुदुर्गातील दोडामार्गात सदाहरित झाडी तोडून रबर लावले, तरी काही वर्षांत ते क्षेत्र नकाशावर पुन्हा हिरवे होते. धनेशाची ढोली, हत्तींची वाट मात्र परत येत नाही. आणि धोरणे ठरतात ती वनाच्छादनाच्या याच आकड्यांवर.

फरक ओळखणे अशक्य नाही. रबराची पानगळ थंडीच्या अखेरीस एकदम होते, सदाहरित जंगलाची तशी होत नाही. वर्षभरातील प्रतिमा संगणकावर ताडून पाहिल्या तर हा फरक दिसतो.

पुढील अहवालात नैसर्गिक जंगलाचा रकाना स्वतंत्र असावा आणि छपाईपूर्वी तालुकानिहाय नकाशे ग्रामसभांपुढे पडताळणीसाठी ठेवावेत, ही आमची मागणी आहे.