काच आणि फुंकर

मराठीच्या वर्गात नेवासे हे नाव निघाले की चर्चा पैसाच्या खांबापाशी आणि शके 1212 (इ.स. 1290) पाशी थांबते. ज्ञानेश्वरीच्या गावाबाबत ते स्वाभाविकच आहे. पण त्याच प्रवरातीरी 1954 ते 1956 या काळात डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. भूमध्य सागराकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे तेथे मिळाली. काचेचे मणी आणि बांगड्याही मिळाल्या. साहित्याच्या अभ्यासकाला याचे काय, असे कोणी विचारील. माझ्या मते पुष्कळ काही.

'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदराच्या आयातीची यादी आहे. मद्य, तांबे, पोवळी यांच्या पंक्तीला तेथे कच्ची काच बसली आहे. भडोचशी व्यापाराने जोडलेले पैठण नेवाशाहून फार दूर नाही.

कच्ची काच म्हणजे ढेकळे. रोमन साम्राज्यात पॅलेस्टाइनच्या किनाऱ्याची वाळू आणि इजिप्तचा खार भट्टीत एकत्र वितळवीत आणि थंड झालेली लादी फोडून तुकडे दूरदूरच्या कारागिरांना विकत. कारागीर ते पुन्हा तापवी, आपल्या फुंकणीसारख्या पोकळ नळीच्या टोकावर मधासारखा दाट गोळा उचली, सपाट दगडावर लोळवी आणि फुंकर घाली. फुगा कधी मोकळा वाढे, कधी साच्यात. पुढे तळाला सळई चिकटवून भांडे पेलायचे आणि तोंडाची कड पुन्हा तापवून वळवायची अशी रीत पडली. सळईचा व्रण अनेक भांड्यांच्या तळाशी आजही दिसतो. ही युक्ती इ.स.पूर्व पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइनच्या पट्ट्यात निघाली. तोवर गाभ्याभोवती काच गुंडाळून किंवा साच्यात घालून एकेक भांडे सावकाश होई. स्ट्राबो लिहितो, रोममध्ये तांब्याच्या एका नाण्यात पेला मिळे.

आपल्याकडे मात्र काच गळ्यात आणि मनगटावर राहिली, पंगतीत फारशी आली नाही. मणी म्हटला की त्याची तुलना रत्नाशी होणारच, आणि त्या तुलनेत काच हरणारच. संस्कृत सुभाषितांपासून काचेला चिकटलेला नकलीपणाचा अर्थ मला या मण्यांतून आलेला दिसतो. पेला कोणाची नक्कल करीत नाही. त्यातून आतला द्रव दिसतो, एवढेच त्याचे काम. आपली काच पेल्याची असती तर तिची प्रतिमा कदाचित पारदर्शकतेची झाली असती. परीक्षेच्या मार्गदर्शकांत 'काच : क्षुद्र वस्तू' एवढी टीप देऊन मोकळे होणाऱ्यांनी नेवाशाच्या मण्यांचीही दखल घ्यावी. संत आणि सातवाहन एकाच पांढरीत नांदले आहेत. अभ्यासक्रमाने त्यांना दोन विभागांत बसवले, त्याला नेवासे काय करणार?