विश्लेषण : ‘ॲजाइल’ टीममध्ये बिझनेस ॲनालिस्टचे काम गेले कुठे?

पुण्या-मुंबईतील आयटी कंपन्यांच्या नोकरभरतीत ‘बिझनेस ॲनालिस्ट’ हे पद आजही दिसते. मात्र यांतील अनेक कंपन्या ज्या ‘स्क्रम’ चौकटीत सॉफ्टवेअर तयार करतात, तिच्या अधिकृत मार्गदर्शिकेत या पदाला जागा नाही. प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर या तिघांतच सारी जबाबदारी वाटलेली आहे. त्यामुळे खर्चकपातीची चर्चा सुरू झाली की ‘हे नेमके करतात काय?’ हा प्रश्न सर्वात आधी ॲनालिस्टबद्दल विचारला जातो. पद काढून टाकता येते. त्यामागचे काम निघून जाते का, हा खरा प्रश्न आहे.

हे पद मुळात कशासाठी आले?

बँकेच्या कर्ज विभागातील अधिकारी एका भाषेत बोलतो आणि प्रोग्रामर दुसऱ्या. ‘हप्ता थकला’ असे अधिकारी म्हणतो तेव्हा त्याच्या मनात देय तारीख, सवलतीचे दिवस, दंडव्याज, मध्ये आलेली बँकेची सुट्टी असे बरेच काही असते. प्रोग्रामरच्या कानावर फक्त दोन शब्द पडतात. ही दरी भरण्यासाठी ॲनालिस्ट आला.

जुन्या पद्धतीत तो महिनोन्महिने बैठका घेई, जाडजूड दस्तावेज तयार करी, त्यावर ग्राहकाची सही घेई आणि ते बाड डेव्हलपरांकडे सोपवून पुढच्या प्रकल्पाकडे वळे. वर्षभराने सॉफ्टवेअर हाती आले की ग्राहक म्हणे, ‘आम्ही हे मागितलेच नव्हते’. मग कंपनी त्याला त्याचीच सही दाखवी.

या टप्प्याटप्प्याच्या ‘वॉटरफॉल’ पद्धतीचे जनकत्व विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधाला दिले जाते. गंमत म्हणजे अशा सरळसोट पद्धतीत धोका आहे, असे रॉइस यांनी त्याच निबंधात बजावले होते. त्यातली आकृती सर्वांनी उचलली, इशारा मात्र मागे राहिला.

‘ॲजाइल’चा आक्षेप कशाला होता?

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञ जमले आणि त्यांनी ‘ॲजाइल जाहीरनामा’ लिहिला. चार मूल्ये आणि १२ तत्त्वे असे त्याचे स्वरूप. सविस्तर कागदपत्रांपेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला आणि कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाच्या सहकार्याला त्यात अधिक महत्त्व दिले गेले. व्यवसायातील माणसे आणि डेव्हलपर यांनी प्रकल्प संपेपर्यंत रोज एकत्र काम करावे, असेही एक तत्त्व त्यात आहे.

त्यावरून अनेक व्यवस्थापकांनी सोयीचा निष्कर्ष काढला. दोघे रोज शेजारी बसणार असतील तर मधला माणूस कशाला? जाहीरनाम्याचा राग निरोप्यावर होता आणि सही-शिक्क्यावर होता. गरजेचा कीस पाडण्याला त्याचा विरोध कधीच नव्हता. स्क्रमच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत तर चाचणी, रचना आणि बिझनेस ॲनालिसिस ही टीमला हाताळावी लागणारी क्षेत्रे म्हणून नावानिशी आली होती. त्यासाठी वेगळे उपगट मात्र नकोत, एवढेच तिचे म्हणणे. म्हणजे काम मान्य, पाटी नको. कागदावर हे ठीक दिसते. प्रत्यक्षात जे काम सर्वांचे ते कोणाचेच नसते, हा अनुभव गृहनिर्माण सोसायटीच्या कोणत्याही सभासदाला असतो.

पहिल्याच गाजलेल्या प्रयोगात काय घडले?

ॲजाइलच्या आधीची आणि तिला बळ देणारी पद्धत म्हणजे ‘एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग’. ती घडली मोटार कंपनी क्रायस्लरच्या वेतन प्रकल्पात. ‘सी-थ्री’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकल्पात कंपनीच्या सुमारे ८७ हजार कर्मचाऱ्यांचे पगार एका प्रणालीतून काढायचे होते. केंट बेक यांना तिथे १९९६ मध्ये आणले गेले. गरजा छोट्या कार्डांवर ‘स्टोरी’ म्हणून लिहायच्या आणि तपशील विचारायला ग्राहकाचा प्रतिनिधी टीममध्येच बसवायचा, ही पद्धत तिथे रुजली.

१९९७ मध्ये प्रणाली सुरू झाली आणि सुमारे १० हजार जणांचे पगार तिच्यातून निघू लागले. त्यानंतर काही महिन्यांतच टीममध्ये बसणारा ग्राहक-प्रतिनिधी कामाच्या ताणाने थकून बाहेर पडला. त्या तोडीचा दुसरा माणूस मिळाला नाही. पुढचे कर्मचारी गट प्रणालीत आलेच नाहीत. मधल्या काळात, १९९८ मध्ये, क्रायस्लर आणि डेमलर यांचे विलीनीकरण झाले. फेब्रुवारी २००० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. बेक यांचे या पद्धतीवरचे पुस्तक त्याच्या काही महिने आधीच बाजारात आले होते.

प्रकल्प थांबण्यामागे एकच कारण होते, असे कोणी म्हणणार नाही. पण टीममधल्या कुशल प्रोग्रामरांची वानवा नव्हती, त्यांनी लिहिलेला कोड चालत होता आणि तरीही काम पुढे सरकले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वेतनाचे सगळे नियम, अपवाद आणि प्राधान्यक्रम यांचा भार एका माणसाच्या डोक्यावर होता. आज हाच भार ‘प्रॉडक्ट ओनर’च्या डोक्यावर असतो. प्रॉडक्ट ओनर ही एकच व्यक्ती असावी, समिती नव्हे, असे स्क्रमची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते. निर्णय एकाने घ्यावा हे बरोबरच. पण निर्णयापूर्वीची सगळी शोधाशोधही त्यानेच करावी, असा अर्थ त्यातून काढला जातो आणि तिथे गाडी अडते.

एका ओळीच्या स्टोरीत किती प्रश्न दडलेले असतात?

उदाहरण पगाराचेच घेऊ, पण महाराष्ट्रातले. बॅकलॉगमध्ये एक स्टोरी आहे : ‘पगारपत्रकात व्यवसाय कराची कपात दिसावी.’ डेव्हलपरला हे अर्ध्या दिवसाचे काम वाटते. तो विचारतो, किती कापायचे? कोणीतरी आपले पगारपत्रक पाहून सांगतो, २०० रुपये. कोड लिहिला जातो, चाचणी होते, प्रात्यक्षिकाला टाळ्या मिळतात.

फेब्रुवारीत पहिली तक्रार येते. महाराष्ट्रात मासिक वेतन १० हजार रुपयांहून अधिक असेल तर व्यवसाय कर दरमहा २०० रुपये, पण फेब्रुवारीत ३०० रुपये असतो. कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार हा कर वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक आकारता येत नाही. ११ महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून तो आकडा बरोबर भरतो. ज्याला हे ‘का’ कळले, तो फेब्रुवारी विसरत नाही. ज्याला फक्त ‘२००’ सांगितले गेले, त्याच्यासाठी फेब्रुवारीही इतर महिन्यांसारखाच.

पुढे आणखी बरेच आहे. ७,५०० रुपयांपर्यंत कर नाही, त्यापुढे १० हजारांपर्यंत १७५ रुपये, पण हे पुरुषांसाठी. महिलांसाठीची करमुक्त मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून १० हजारांवरून २५ हजार रुपये झाली. ६५ वर्षे ओलांडलेल्यांना आणि ठरावीक निकषांत बसणाऱ्या दिव्यांगांना सूट आहे. दिल्लीत हा करच नाही.

आता प्रश्न सुरू होतात. २४ हजार पगाराच्या महिलेला एखाद्या महिन्यात थकबाकी मिळून हातात ३० हजार आले तर त्या महिन्यात कपात करायची का? नोंदीत लिंग ‘अन्य’ असेल तर कोणती मर्यादा? महिन्याच्या मध्यावर पुण्याहून दिल्लीला बदली झाली तर? मार्च २०२३ चा पगार मे महिन्यात दिला तर जुनी मर्यादा की नवी? मर्यादा उद्या पुन्हा बदलली तर कोड बदलायचा की एक आकडा?

यातला शेवटचा प्रश्न सोडला तर बाकीचे प्रश्न डेव्हलपरला सुचतीलच असे नाही आणि सुचले तरी उत्तर त्याच्याकडे नसते. मनुष्यबळ विभागाला उत्तर ठाऊक असते, पण कोणी विचारल्याशिवाय ते सांगायचे असते हेच त्यांना ठाऊक नसते. ॲनालिस्टचे काम इथे आहे. रक्कम म्हणाल तर दरमहा २०० रुपये. पण २३ हजारांवर काम करणाऱ्या महिलेच्या पगारातून ते चुकून कापले गेले तर ती तक्रार घेऊन आधी लेखा विभागात, मग मनुष्यबळ विभागात हेलपाटे घालते. ‘सिस्टीमनेच कापले’ हे उत्तर तिला प्रत्येक टेबलावर ऐकावे लागते.

भारतातील टीमसमोर वेगळी अडचण कोणती?

जाहीरनाम्यातले ‘रोज एकत्र’ हे तत्त्व एका खोलीत बसणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले वाटते. हिंजवडीत बसलेल्या टीमचा प्रॉडक्ट ओनर अनेकदा लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये असतो. दिवसातून तास-दीड तास त्याची गाठ पडते आणि त्यातली वीस मिनिटे आवाज येतोय की नाही हे तपासण्यात जातात. उरलेल्या वेळात टीमचे प्रश्न कोणी सोडवायचे? इथे ॲनालिस्टला ‘प्रॉक्सी प्रॉडक्ट ओनर’ केले जाते. म्हणजे उत्तरे त्याने द्यायची, निर्णयाचा अधिकार मात्र त्याचा नाही.

यातूनच या पदाची सर्वात वाईट अवस्था तयार होते : जिरामध्ये तिकिटे भरणारा, बैठकीचे टिपण काढणारा, तिकडचा निरोप इकडे पोचवणारा कारकून. ॲनालिस्ट कशाला हवा, असे विचारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा हेच चित्र असते आणि या चित्रापुरता त्यांचा आक्षेप चुकीचाही नाही. असा निरोप्या टीममध्ये असला तर डेव्हलपर थेट ग्राहकाशी बोलणे सोडून देतात आणि जुना वॉटरफॉल दोन आठवड्यांच्या तुकड्यांत परत येतो.

प्रत्येक टीमला स्वतंत्र ॲनालिस्ट हवाच, असा आग्रह धरण्याचेही कारण नाही. पाच जणांच्या स्टार्टअपमध्ये संस्थापक शेजारच्या टेबलावर असतो, उत्पादन नवे असते आणि नियम थोडे असतात. तिथे हे काम डेव्हलपरच करतात आणि चांगले करतात. बँक, विमा, करप्रणाली, वेतन, रुग्णालये अशा नियमांच्या जंगलात मात्र ‘टीमच बघून घेईल’ असे म्हणणे म्हणजे चूक ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत पुढे ढकलणे आहे.

मग त्याने टीममध्ये करायचे काय?

रॉन जेफ्रीज हे ‘सी-थ्री’च्या टीममधलेच. त्यांनी २००१ मध्ये स्टोरीचे तीन भाग सांगितले : कार्ड, संवाद आणि खातरजमा. कार्ड ही केवळ आठवण, खरी गरज संवादातून उलगडते आणि ती पुरी झाली की नाही हे खातरजमेच्या निकषांवरून कळते. आज बहुतेक टीममध्ये कार्डाची जागा जिराने घेतली आणि संवादाची जागाही जिरानेच घेतली. ‘कमेंटमध्ये लिहिले होते’ हे वाक्य ऐकू आले की संवाद झालेला नाही, असे खुशाल समजावे.

चांगला ॲनालिस्ट स्टोरी लिहून देत नाही, तो ती टीमकडून फोडून घेतो. स्प्रिंट सुरू होण्याआधी ॲनालिस्ट, डेव्हलपर आणि टेस्टर अशा तिघांनी अर्धा तास बसून उदाहरणे मांडावीत, ही ‘थ्री अमिगोज’ नावाने रुळलेली पद्धत त्यासाठी उपयोगी पडते. व्यवसाय कराच्या स्टोरीत ‘२४ हजार पगार, ६ हजार थकबाकी, महिला, फेब्रुवारी’ असे एक उदाहरण मांडले की तिघांच्या डोक्यातली तीन वेगळी उत्तरे लगेच बाहेर येतात. ज्या प्रश्नाचे उत्तर खोलीत कोणाकडेच नाही, तो घेऊन मनुष्यबळ विभागाकडे किंवा कर सल्लागाराकडे जायचे काम ॲनालिस्टचे. जमले तर डेव्हलपरलाही सोबत न्यावे. लेखा विभागातल्या बाईंनी एक्सेलमध्ये लाल रंगाने केलेली खूण एकदा पाहिली, की दस्तावेजाची दहा पाने वाचावी लागत नाहीत.

दुसरे काम अधिक अवघड आणि अप्रिय आहे : स्टोरी नाकारणे. ग्राहकाने ‘एक्सेलमध्ये डाउनलोडची सोय द्या’ म्हटले तर ती देणे सोपे असते. ती फाइल उतरवून तो पुढे काय करतो, हे विचारल्यावर कळते की दोन याद्यांतला फरक हाताने शोधायला तो रोज दोन तास घालवतो. मग डाउनलोडऐवजी तो फरकच दाखवायला हवा असतो. अशी न बनलेली स्टोरी कोणत्याही अहवालात दिसत नाही आणि स्प्रिंटच्या वेगाच्या आलेखात तर ती तोट्याची वाटते.

एआय स्टोरी लिहू लागल्यावर?

बैठकीच्या ध्वनिमुद्रणातून एआय साधने मिनिटभरात नेटक्या स्टोऱ्या आणि स्वीकाराचे निकष लिहून देतात. निरोप्याच्या कामाची गरज त्यामुळे वेगाने कमी होईल, हे मान्य करायला हवे. व्यवसाय कराचे फेब्रुवारीचे ३०० रुपये ही साधने न सांगता मांडतील. मात्र बैठकीत जे बोललेच गेले नाही, ते ध्वनिमुद्रणात नसते. थकबाकीच्या महिन्यात आपल्या कंपनीत आजवर कपात कशी झाली, ती प्रथा कोणी पाडली आणि ती कायद्याला धरून आहे का, हे विचारायला कोणीतरी उठून लेखा विभागापर्यंत चालत जावे लागते.

तोपर्यंत अनेक कंपन्यांत ॲनालिस्टचे वार्षिक मूल्यमापन त्याने किती स्टोऱ्या लिहिल्या यावरच होत राहील. एआयच्या मदतीने तो आकडा यंदा दुप्पट करणे कोणालाही सहज जमेल.